वादळ, लग्न आणि पुढची रुंद पाठ

"वादळ येऊ दे नाहीतर वादळाचा बाप येऊ दे! उद्या दोनच्या ठोक्याला मी फ्रानेकरच्या नगरभवनात उभा असणार. आणि येणार सायकलवरूनच!"

होत्सेने हे सांगताना चमचा इतक्या जोरात आपटला की वाटाण्याचं सूप थेट सासऱ्यांच्या मिशीवर उडालं. म्हणजे अजून भावी सासरे. लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

होत्सेचं सायकलींचं दुकान. सायकलीबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की त्याला स्वतःच्या आईला शिवी दिल्यासारखं लागायचं. आणि सासरे दाउवे म्हणजे उभा जन्म आगगाडी चालवून निवृत्त झालेला माणूस! दोघं एका टेबलाशी बसले की दुसरा विषयच नाही.

"जावईबापू, हवामान खात्याने नारिंगी इशारा दिलाय," दाउवे मिशी पुसत म्हणाले.

"नारिंगी तर आपल्या राजघराण्याचा, सणाचा रंग, बाबा!"

"हसा, हसा. मी आपला लेउवार्डनहून आगगाडीत बसेन. शेकडो टनांचं धूड! ते काय वाऱ्याने उडतंय?"

"उडत नाही हो. पण रुळावर चार पिवळी पानं पडली की थांबतं!"

दाउवेंनी कोरडी मिशीच पुन्हा पुसायला घेतली. ओल्या पानांवर चाकं घसरून गाड्या अडायच्या, तो विषय त्यांच्या वर्मी लागायचा.

"मी मैत्रिणीच्या मोटारीतून येणार," नवरी नीन्के म्हणाली. "दोन तास घालून केस बांधायचे ते वाऱ्याला द्यायला नाही."

"मोटारीपुढे झाड पडलं की संपला प्रवास! आपलं काय? सायकल खांद्यावर, झाड ओलांडलं, चाललो पुढे!"

नीन्केने चमचा खाली ठेवला. तिचा आवाज चढला नाही, हीच काळजीची गोष्ट होती.

"होत्से, पहिली तारीख तुझ्या शर्यतीपायी गेली. दुसरी तारीख तू दुकानात नव्या सायकलींची खोकी उघडत बसलास म्हणून गेली. उद्या सव्वादोनपर्यंत तू दिसला नाहीस तर मी घरी जाईन. परत तुझ्यासाठी नगरभवनाच्या पायऱ्या चढणार नाही. कळलं?"

कळलं! होत्सेला चांगलंच कळलं. म्हणून तर दुसऱ्या दिवशी तो वेळेच्या कितीतरी आधी निघाला. आत लग्नाचा कोट, वर रेनकोट, विजारीच्या पायांना चिमटे.

गावाबाहेर पडला मात्र, आणि वाऱ्याने त्याला सरळ मागेच ढकललं! पेडल मारतोय आणि तेच कुंपण, तीच मेंढी. मेंढीसुद्धा कीव केल्यासारखी बघायला लागली. वळण घेऊन धरणाच्या बांधावर चढला तेव्हा जीभ बाहेर आली होती. फ्रानेकरचा मनोरा दिसत होता, पण जवळ काही येत नव्हता.

तेवढ्यात पुढे एक पाठ दिसली. पिवळ्या रेनकोटातली, कपाटाएवढी रुंद, सायकलवर ठाण मांडून बसलेली. होत्सेने उरलासुरला जीव एकवटला आणि पाठ गाठली. गाठली काय, तिच्या आडोशाला चिकटलाच. अहाहा! वारा बंद, पाऊस बंद, पायांना स्वर्ग!

आता आमच्या फ्रीसलँडात याला एक रीत आहे. थोडा वेळ तुम्ही मागे राहायचं, मग पुढे जायचं आणि दुसऱ्याला आडोसा द्यायचा. ज्याला ही लाज नाही त्याला कोणी कॉफीसुद्धा विचारत नाही. होत्सेलाही हे ठाऊक होतं. 'पुढच्या पुलापर्यंत,' तो मनात म्हणाला. पूल गेला. 'बरं, त्या पवनचक्कीपर्यंत.' तीही गेली. आज लग्न आहे, आज माफ, असं ठरवून त्याने मान खाली घातली आणि पुढच्या सायकलचा मडगार्ड बघत मजेत चालवत राहिला.

वारा एकाएकी पुरता थांबला. शेणाचा वास आला. होत्सेने मान वर केली.

तो एका गोठ्यात उभा होता!

"आलास बाबा, देवासारखा आलास!" पिवळी पाठ वळली. पुढून ती बाउक्ये नावाची साठीची शेतकरीण निघाली. "गाय व्यायला अडलीय, म्हणून शेजारणीकडे दोर धरायला माणूस मागायला गेले होते. 'कोणी नाही,' म्हणाली ती. पण पाठवलंन की मागोमाग! घे, धर."

"अहो काकू, मला कोणी पाठवलं नाही! माझं लग्न आहे!"

"गायीला ते कसं कळणार? धर म्हणते ना!"

"फ्रानेकर कुठंय?"

"मागे राहिलं. तीन वळणांपूर्वी."

होत्से सायकल घेऊन दाराकडे धावला. दाराबाहेर पडताच ती वाऱ्याने हातातून हिसकावली, दोनदा गरगरवली आणि कालव्यात फेकली. घंटी तेवढी एकदा वाजली.

"हे बघ," बाउक्ये म्हणाली, "तू दोर ओढ, वासरू येऊ दे, मग मी तुला ट्रॅक्टरने पोचवते. नाहीतर चालत जा."

दुसरा इलाज होता का? नवरदेवाने कोटाच्या बाह्या सरसावल्या. "ओढ! अरे, जोर लाव, सायकलच्या टायरासारखं काय धरतोस!" बाउक्ये ओरडत होती, गाय हंबरत होती, होत्से घड्याळाकडे बघून रडकुंडीला आला होता. शेवटी वासरू बाहेर आलं आणि दोर धरून मागे रेललेला नवरदेव शेणात उताणा पडला. दोन वाजून गेले होते.

ट्रॅक्टरवर तो सारा वेळ एकच वाक्य म्हणत होता. "गेली असेल हो काकू, ती गेली असेल." वाटेत आडवी पडलेली झाडं दिसत होती, थांबलेली आगगाडी दिसत होती. त्याला कशाचाच आनंद झाला नाही.

नगरभवनाचं दार वाऱ्याने बंदच केलं होतं. बाउक्येने खांदा लावला तेव्हा ते उघडलं. आत नीन्के उभी होती! केस सुटलेले, झगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, डोळे लाल. शेजारी दाउवे, धापा टाकत.

"नीन्के! तू थांबलीस!"

"थांबतेय कशाला? निघालेच होते. वारा पडेपर्यंत हा रखवालदार कोणाला बाहेर सोडत नाहीये." तिने झग्यावरचा चिखल झटकला. "आमच्या मोटारीपुढे झाड पडलं. एका शाळकरी पोरीची सायकल मागून घेतली आणि इथवर आले. बाबांची गाडी रुळावर कोणाची तरी ट्रॅम्पोलिन येऊन पडल्यामुळे थांबली. तेही पुढच्या स्टेशनपर्यंत चालत गेले आणि तिथली भाड्याची सायकल घेऊन आले. सगळे सायकलने आले, होत्से! एक तू सोडून. कुठे होतास?"

"मी... एका बाईच्या मागे मागे गेलो."

लग्न लावणाऱ्या अधिकारीबाईंचा चष्मा नाकावर घसरला. ट्रॅक्टरच्या किल्ल्या खुळखुळवत बाउक्ये पुढे झाली.

"ती बाई मी. आणि एक सांगते पोरी, सबंध वाटेत हा एकदाही पुढे आला नाही! एकदाही!"

"एकदाही नाही?" दाउवेंनी छातीवर हात ठेवला. लग्नाला उशीर त्यांनी एकवेळ पचवला असता.

होत्सेच्या डोळ्यांत पाणी आलं. "नीन्के, चुकलो गं. मान वर करून बघायला हवं होतं. तू गेली असशील या धास्तीने माझा जीव अर्धा झाला."

नीन्केने त्याच्याकडे पाहिलं. कानात गवत, कोटावर शेण. तिला आधी रडू आलं, मग हसू, मग दोन्ही.

"लग्नाची वेळ टळली आहे," अधिकारीबाई चष्मा सारखा करत म्हणाल्या. "पण पुढचं जोडपं बेटावरून बोटीने येणार होतं आणि बोटी बंद आहेत. अडीचची जागा रिकामी आहे. घ्यायची का?"

"एका अटीवर," नीन्के म्हणाली. "समोरून वारा असेल तेव्हा अर्धी वाट हा पुढे."

"अर्धी काय, सगळी!" होत्से ओरडला. "शपथ! लिहून घ्या!"

बाईंनी लिहून घेतलं नाही, पण लग्न लावलं.

गुलाबी साखरेच्या थराचा केक घरी वाट बघत होता, म्हणून वारा थोडा पडताच सगळे बाहेर आले. वारा पडला होता, पण नेमका फिरलाही होता. घराकडे जाताना तो समोरूनच येणार होता. आणि होत्सेची सायकल कालव्यात. फ्रानेकरच्या लोकांनी त्या दुपारी पाहिलं ते असं : चिखलाच्या झग्यातली नवरी शाळकरी पोरीची सायकल दात-ओठ खाऊन हाणतेय, आणि मागच्या कॅरिअरवर, तिच्या पाठीला गाल टेकून, सायकलींचा दुकानदार आपली पाळी येण्याची वाट बघत बसलाय.