आबाजींच्या शेतात विमानाचा पंख

मी नववीत शाळा सोडली, त्यामुळे पायलट व्हायचं राहून गेलं. (सोडली नसती तरी राहिलंच असतं, गणित माझ्या मागे लागलं होतं.) आता मी कुंभिवलीच्या एका कारखान्याचा टेंपो चालवतो. पण चुलतभाऊ हर्षद पुण्याला जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर मला देऊन गेला. त्यात विमान उडवायचा सिम्युलेटर निघाला आणि मी ठरवलं, आईला एकदा आपलं शेत वरून दाखवायचं.

पोशीरचं आमचं शेत विकून बारा वर्षं झाली. तिथं आता बंगले आहेत. आई त्या रस्त्यानं जातच नाही.

कुणाला काही विचारायची मला लाज वाटते, म्हणून मोबाइलवरच्या चॅटबॉटला विचारलं. टाइप करताना चुका होतात, तर बोलूनच. (त्याला मी सर म्हणतो. वर्गातले सर हसायचे, हे हसत नाहीत.)

"सर, विमानाला हॉर्न कुठं असतो?"

"हवेत हॉर्नची सहसा गरज पडत नाही."

"आणि हवेत रिव्हर्स?"

"तोही नाही."

असली गाडी मी आमच्या गल्लीतही घातली नसती.

पण सरांनीच युक्ती सांगितली. नकाशावर जागा निवडा, विमान थेट तिथंच हवेत सुरू होईल. जमिनीची चित्रं मात्र जुनी असू शकतात, असंही बजावलं. मला तर जुनीच हवी होती.

आई चष्मा पुसून स्टुलावर बसली. विमान पोशीरवर आलं. खाली एकही बंगला नव्हता! नुसती खाचरं, आणि एका कडेला हिरवा ठिपका.

"माझा आंबा!" आई ओरडली. "उतरव रं इमान."

"आई, इथं धावपट्टी नाय."

"भात कापलेलं हाय की. बैलगाडी जायची तिथून, तुला काय झालं?"

उतरवलं. (आदळलं म्हणणं जास्त खरं.) तीन उड्या मारून विमान बांधापाशी थांबलं. आईनं पडद्यावरच्या बांधावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आबाजीला बोलाव."

आबाजींचं शेत आमच्या बांधाला लागून. त्या बांधावरून त्यांचं नि आईचं वीस वर्षं रोज भांडण. शेतं विकली, भांडायला काही उरलं नाही, तसं बोलणंही थांबलं.

आबाजी आले, वाकून पाहिलं आणि बारा वर्षांनी पहिलं वाक्य बोलले, "वैनी, पंख माझ्या शेतात आलाय."

"पंख हवेत हाय. जमिनीला लागलाय का?"

"सावली तर पडली ना!"

"सावलीनं भात करपतंय का तुमचं?"

मी घाबरून फोन तोंडाशी धरला. "सर, विमानाचा पंख शेजाऱ्याच्या शेतात गेला तर काय करावं?"

फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "सर्वप्रथम विमानातून सुरक्षित बाहेर पडा."

आई ताडकन उठली. आबाजी तर दारापर्यंत पोचले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तेव्हापासून आबाजी रोज संध्याकाळी येतात. चहा होतो, भांडण होतं, आंब्याला यंदा मोहोर किती येईल त्याची चर्चा होते. मी विमान जरा वर न्यायला गेलो की दोघं एकदम ओरडतात, "हलवू नको रं!" परवा सिम्युलेटरनंच दाखवलं: हवेत अकरा मिनिटं, जमिनीवर एक्केचाळीस तास.

गावात आई सगळ्यांना सांगत फिरते, "पोरगा पायलट हाय माझा. लय चांगला. अजिबात उडवत नाय."