‘समजले’ असे लिहिल्याबद्दल

टेलरकाकांनी दुकान सुनेच्या हाती सोपवले आणि उरलेल्या वेळात एखाद्या मुलाला गणित शिकवायचे ठरवले. जवळच्या शाळेत विद्यार्थी मार्गदर्शन योजना सुरू होती. रीतसर अर्ज करून काका मार्गदर्शक क्रमांक एक्केचाळीस झाले.

मार्गदर्शक एक्केचाळीस होते, विद्यार्थिनी एक. गरजू मुलांनी भरायचा अर्ज अकरा पानी होता. तो बिनचूक भरणारी शाळेत एकच निघाली, इस्त्रीवाल्या बाईंची सातवीतली मुलगी. त्यावरून इतर कोणालाही गरज नाही, असा निष्कर्ष समितीने काढला.

मुलगी अपूर्णांकांत नापास होती. शाळा सुटली की रोज आठ-नऊ जण तिला मार्गदर्शन करत. निवृत्त बँक मॅनेजर तिचे ध्येय विचारत. दाताचे डॉक्टर तिला आत्मविश्वास देत. घरी पोचेपर्यंत ती पेंगायला लागायची, गृहपाठ तसाच राहायचा. मार्क आणखी घसरले, तेव्हा समितीने मार्गदर्शक वाढवण्याचा विचार सुरू केला.

काकांच्या वाट्याला गुरुवारची अकरा मिनिटे आली. सहा परिचयपत्र भरण्यात गेली, तीन फोटोत. उरलेल्या दोन मिनिटांत काकांनी गळ्यातली टेप काढून बाकावर पसरली.

“हा एक इंच. यात सारखी चार घरं. तीन घेतली तर?”

“पाऊण.”

“मग लिही बघू.”

तिने तीन लिहिले, रेघ ओढली, खाली चार लिहिले. थोडा वेळ ती त्याकडे बघत राहिली. “एवढंच होतं, आजोबा?”

काकांनी अहवालात लिहिले, ‘समजले.’

दुसऱ्या दिवशी समन्वयक बाईंनी त्यांना बोलावून घेतले. “काका, फॉर्मवर ‘समजले’ हा पर्यायच नाही. ‘प्रगतिपथावर’ असं लिहायचं.”

“पण तिला समजलंय हो.”

“अहो, मग ती गरजू कशी राहील? आणि या चाळीस चांगल्या माणसांनी मार्गदर्शन कोणाला करायचं, मला?”

मुलीची फेरपरीक्षा झाली. ती पास झाली. दुसरी झाली, तीतही पास. तिसऱ्या प्रश्नपत्रिकेवर सूचना छापली होती : ‘विद्यार्थिनीने योजनेच्या हिताचा विचार करून उत्तरे द्यावीत.’ मुलगी पेन उघडून बसून राहिली. मग तिने दाराशी उभ्या असलेल्या काकांकडे पाहिले.

“बरोबर तेच लिही, पोरी,” काका म्हणाले.

तिने लिहिले. पैकीच्या पैकी मिळाले.

समितीची तातडीची बैठक झाली. वारंवार सांगूनही ज्यांना साधा अहवाल लिहिता येत नाही, त्यांच्याइतके गरजू दुसरे कोण, असा ठराव एकमताने मंजूर झाला. काकांचा अकरा पानी अर्ज बाईंनी स्वतः भरला.

आता मुलगी शाळा सुटली की थेट घरी जाते. काका सातवीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. बँक मॅनेजर त्यांना मोठेपणी काय व्हायचे आहे ते विचारतात. काका त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. एकदा खिडकीतून मुलीने विचारले, “आजोबा, तुम्हाला कधी सोडणार?”

“‘प्रगतिपथावर’ लिहायला शिकत नाही तोवर नाही म्हणतात,” काका म्हणाले, “आणि ते काही मला जमायचं नाही. तू जा, आई वाट बघत असेल.”

योजनेची कीर्ती पसरली असून नवे अर्ज रोज येत आहेत. तुमचाही मिळाला. ‘मुलांना काय शिकवू शकाल’ हा रकाना तुम्ही कोरा ठेवला आहे. त्याने काही अडत नाही, असे बाई म्हणाल्या. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर छापायचे नाव तुम्ही ठळक अक्षरांत लिहिले आहेच.