एल्मोरकाकांच्या निळ्या चिंध्या

करवत चालवावी तर रॉस नोस्केने, असं ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बरोसा खोऱ्यात कुणी म्हणत नाही; पण म्हणायला हवं, असं गेल्या जुलैपर्यंत माझं प्रामाणिक मत होतं. रॉस नोस्के म्हणजे मीच.

एल्मोरकाकांची शिराझ द्राक्षांची बाग शंभर वर्षांची आणि काका शहाऐंशीचे. हल्लीचे उन्हाळे दोघांनाही सोसत नव्हते. पंचेचाळीस अंशांचा आठवडा आला की वेलीवरच मनुका तयार! त्यात मी एका शिबिराला जाऊन आलो. शिबिराला जाऊन आलेला माणूस किती धोक्याचा असतो, हे मी तुम्हाला काय सांगावं? तिथे कळलं, की जुनी वेल वरून कापायची आणि खोडावर ऊन सोसणाऱ्या सिसिलीच्या जातीचं कलम बांधायचं. झालं, माझं ठरलं.

"काकांना विचारलंस?" माझी बायको लिनेट म्हणाली.

"त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

"खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला धक्का?"

काका तेव्हा बाग माझ्यावर सोपवून ॲडलेडला, मुलीकडे होते. मी करवत घेऊन बागेत गेलो. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन थंडी, आणि थंडीत पानं गळालेल्या सगळ्या वेली सारख्याच दिसतात. पण सतरा वेलींना निळ्या चौकटीच्या कापडाच्या चिंध्या बांधलेल्या! आता आमच्याकडची रीतच अशी, की पानं असताना रोगट वेलीला खूण बांधून ठेवायची आणि थंडीत तिच्यावर करवत धरायची. म्हातारबुवांनी माझं अर्धं काम करून ठेवलंय म्हणून मी शीळ घालत सतराही वेली गुडघ्याएवढ्या केल्या. फोन खिशातच होता. एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी अजून रोज स्वतःला विचारतो.

कापलेल्या काड्या घरी आणल्या. द्राक्षाच्या काड्यांच्या निखाऱ्यांवर मांस फार छान भाजतं. काका परतल्यावर पहिल्याच रविवारी, चर्चनंतर त्यांना जेवायला बोलावलं. मटणाच्या चापा, शेपू घालून मुरवलेल्या काकड्या, सगळा थाट.

"धुराला काय चव आहे रे!" काका म्हणाले. "कुठल्या काड्या?"

"तुमच्याच बागेतल्या."

"छाटणी सुरू केलीस? बरं केलंस. फक्त चिंध्या बांधलेल्या वेलींच्या काड्या वेगळ्या ठेव हं. त्यांची रोपं करायचीयत."

लिनेटने माझ्याकडे पाहिलं. मी काकडीकडे पाहिलं.

"कसल्या चिंध्या?" मी उगाचच विचारलं.

"तुझ्या हिल्डाकाकूच्या एप्रनच्या. नऊ उन्हाळे बघतोय मी. सगळी बाग करपली तरी ज्यांची पानं हिरवी राहिली, त्यांना बांधल्यात. ऊन सोसायला त्या आपल्या आपणच शिकल्या बघ. वरचा जमिनीचा मोकळा तुकडा त्यांच्याच रोपांनी भरायचा, असं हिल्डा गेली तेव्हा मी तिला कबूल केलंय." त्यांनी आणखी एक चाप घेतली.

"काका," मी म्हणालो, "तो धूर त्यांचाच आहे."

काट्याला लावलेली चाप तशीच राहिली. "सतराच्या सतरा?"

"हो. खोडं आहेत गुडघ्यापर्यंत."

मग ती चाप त्यांनी सावकाश, हाडापर्यंत खाल्ली. "टाकायची नाही ही," एवढंच म्हणाले. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर फार बरं वाटलं असतं.

सिसिलीचं कलम मी बांधलंच नाही. ऑक्टोबरात सतरापैकी पाच खोडांना बुडातून नवे फुटवे आले. काका काठी टेकत बघायला आले.

"पुढच्या थंडीत काड्या, मग रोपं, मग चार वर्षांनी घड," त्यांनी हिशोब केला. "म्हणजे मी ब्याण्णव. थांबायला हवं मला."

"काका, चुकलं माझं," मी बहुधा चाळिसाव्यांदा म्हणालो.

त्यांनी खिशातून एप्रनची शेवटची चिंधी काढली. फुटव्याला बांधतील म्हणून मी खाली वाकून जागा करून दिली. त्यांनी ती माझ्या करवतीच्या मुठीला बांधली.

"खूण बांधलेलं ठेवायचं नाही, अशी रीत आहे ना आपल्याकडे?" ते म्हणाले. "मग ही आधी घालव."

करवत त्याच दिवशी भंगारात गेली. चिंधी मात्र मी सोडून घेतली. सध्या ती माझ्या फोनला बांधलेली असते.