हकिकत सुभानजी खराडे यांची व दोन डोहांची

श्री तेजोनिधी प्रसन्न. ज्याच्या उजेडाने दिसते आणि ज्याच्या अंधाराने झाकते, त्यास नमन करून घडले तैसे लिहितो. राज्याभिषेक शके चौतीस, विकारीनाम संवत्सर, ते समयी आकाशप्रांतीचे राज्य भरास आले होते. ताऱ्याताऱ्यांस ठाणी बसली होती आणि गलबते अंतराळी सुखरूप जात येत होती. दक्षिण सरहद्दीस मात्र दोन डोह होते, ते पाण्याचे नव्हेत, काळोखाचे. दोन थोर तारे आपल्याच भाराने आत कोसळले, त्यांचे हे डोह जाहले. थोरल्या डोहास एक कड होती, ती डोळ्यांस दिसत नसे. कडेच्या अलीकडून गलबत जोर करून माघारे येई, पलीकडे गेले तर गलबत राहिले बाजूस, त्यावरील दिव्याचा उजेडही माघारा येत नसे. भोवती तापल्या धुळीचे कडे भट्टीसारखे लखलखत फिरे, आणि पाठीमागील ताऱ्यांचा उजेड डोहास वळसा घालून येई, तेणेकरून एक तारा दोहों ठिकाणी दिसे. धाकटा डोहही लांबून तसाच, मध्ये काळी सावली, भोवती कडे. म्हणोन लोक दोघांचा गुण एकच मानीत.

दरबारचे ज्योतिषी त्रिंबकपंत घैसास यांचे मत निराळे होते. त्यांनी दुर्बिणीस डोळा लावून उमर घालविली होती. ते म्हणत, "सावलीवरून पारख करू नये, भोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची वाट पाहावी. थोरल्याभोवती तारा लांबट फेरी घेतो आणि फेरीचे टोक दर खेपेस पुढे सरकते. धाकट्याभोवती ते मागे सरकते. यावरून मजला वाटते की धाकट्यास कड नाही, त्याचा तळ उघडा आहे. तळाशी गेले असता ओढ उलटते आणि वस्तू बाहेर लोटली जाते. मात्र तेथे काळ मंद चालतो." हे ऐकून कारभारी विसाजी मल्हार हसले आणि म्हणाले, "पंत, तळ पाहून आला असा एक तरी मनुष्य दाखवा." पंत माघारे दुर्बिणीपाशी गेले.

मग त्या साली ऐसे जाहले की नव्या ठाण्यावर वस्तीस जाणारे एक गलबत, बायकामुलांनी भरलेले, दाऊद तांडेल याच्या हाताखाली दक्षिणेस जात असता सुकाणू मोडून धाकट्या डोहाच्या ओढीस लागले. खबर आली तेव्हा आरमाराचे सुभेदार सुभानजी खराडे दरबारात होते. हे महाराजांचे दूधभाऊ, एका आईच्या मांडीवर दोघे वाढले. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी जातो." महाराज म्हणाले, "सुभाना, तेथून कोणी आले नाही." सुभानजी म्हणाले, "कोणी गेलेच नाही, तर येईल कोठून? पंत म्हणतात वाट आहे. पंत आजवर कधी चुकले नाहीत." तेव्हा पंतांनी पुढे होऊन सांगितले की, "सरळ उडी घेऊ नये, बाजूने फेर धरून जावे, म्हणजे तळ बाहेर लोटील. परंतु बाहेर याल तेव्हा गलबते हाकणारी दारू सरली असेल आणि थोरला डोह तेथून जवळ आहे, तो ओढील. म्हणोन तोंडाशी दोर घेऊन आपली गलबते उभी पाहिजेत." महाराजांनी बेलभंडार उचलून सांगितले, "तू येईतो पाच गलबते तोंडाशी उभी राहतील. उणे होणार नाही." सुभानजींनी मुजरा केला, घरी जाऊन पत्नी जिऊबाई यांचा निरोप घेतला आणि निघाले.

जाताना त्यांनी गलबताच्या मागे दिवा लाविला होता, तो ठरावीक ठेक्याने झाके व उघडे. वस्तीचे गलबत आधीच आत दिसेनासे जाहले होते. सुभानजींचा दिवा डोहात उतरू लागला तसा पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा तांबडा होत गेला, उघडझाप मंद होत गेली, आणि मग नुसत्या डोळ्यास तो दिसेना. लोक रडले. पंत म्हणाले, "दुर्बिणीत अजून आहे. थोरल्या डोहात दिवा विझतो, हा विझत नाही, निखाऱ्यासारखा धरून आहे." महाराजांनी दुर्बिणीत पाहिले. डोळ्यास सराव नव्हता, काही दिसले नाही. दिसत नाही असे म्हणावयास जीव धजेना आणि दिसते असे म्हणावयाचीही लाज वाटली, म्हणोन तसेच उठून वाड्यात गेले. तेथून मनात किंतु शिरला.

पुढे वर्षे गेली. उत्तरेस पुंडावा माजला आणि कारभारी वरचेवर म्हणू लागले की, महाराज, काळोखाच्या दारी पाच गलबते पहाऱ्यास उभी करून जित्यांची ठाणी घालवावी हे कोणत्या नीतीत बसते. महाराजांनी एक गलबत उठविले, मग आणिक एक, आणि प्रत्येक वेळेस म्हणत की बाकीची आहेत. शेवटी एक राहिले, तेही पुंडाव्याच्या गर्दीत माघारे बोलाविले. मग आरमारास नवा सुभेदार नेमणे आले, आणि जुन्याचे क्रियाकर्म जाहल्याविना वस्त्रे देता येत नाहीत, म्हणोन कारभाऱ्यांनी दर्भाचा पुतळा करून दहन करावे ऐसे ठरविले. जिऊबाई दरबारी आल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "पंतांस दिवा दिसतो आहे. तो दिसतो तोवर माझे कुंकू राहू द्यावे, इतकेच मागणे आहे." महाराजांनी मान खाली घातली आणि कारभाऱ्यांकडे पाहिले. कारभारी म्हणाले, "बाईसाहेब, राज्य एका दिव्यावर चालत नाही." पुतळा जाळला आणि जिऊबाईंचे कुंकू पुसले.

आणि मग, उत्तरेची मोहीम आटोपून थोडकेच दिवस लोटले असता, पंत अंगरख्याचे बंद न बांधता वाड्यात धावत आले. म्हणाले, "दिवा वर येतो आहे. तांबड्याचा पिवळा जाहला, उघडझाप भराभर होते. दोन गलबते आहेत. आता तोंडाशी कोण आहे?" महाराज म्हणाले, "कोणी नाही." तेच क्षणी जलद गलबते सोडली. परंतु अंतर फार होते.

त्यापुढील वर्तमान दाऊद तांडेल याने दरबारात उभे राहून सांगितले ते ऐसे. "सुभेदारांनी आत येऊन आमचे गलबत दोराने धरले, आणि तळाशी कोणी पाठीस हात देऊन लोटावे तसे आम्ही बाहेर आलो. आमच्या लेखी दिवस पुरता मावळला नव्हता, पोरांनी बरोबरची भाकरी शिळी होण्याआधी खाल्ली. तोंडाशी आलो तो कोणी नाही. आमचे लोक शिव्या देऊ लागले. सुभेदार म्हणाले, 'येथे किती काळ लोटला कोणास ठाऊक. वाट पाहून थकले असतील. महाराजांस बोल लावू नका.' दारू थोडकीच उरली होती आणि थोरला डोह ओढू लागला होता. त्यांनी आपल्या गलबताची पाठ आमच्या पाठीस लाविली आणि म्हणाले, मध्ये सारी दारू एकदम पेटविली तर तुम्ही राज्याकडे जाल. मी म्हटले, साहेब, आमच्याकडे या, रिकामे गलबत डोहात जाऊ द्या. ते म्हणाले, 'सुकाणू धरल्याविना ते वाकडे फिरेल आणि सारा जोर वाया जाईल. मुले मोजून बसव, दाऊद.' मग बार जाहला. आम्ही इकडे आलो, ते तिकडे गेले." इतके बोलून तो खाली बसला.

तेव्हा महाराज पंतांच्या दुर्बिणीपाशी गेले. या खेपेस दिसले. थोरल्या डोहाच्या कडेवर गलबत थबकल्यासारखे उभे होते आणि मागील दिवा तांबडा होत चालला होता. महाराज म्हणाले, "उभा आहे. दोर पाठवा." पंतांनी हात जोडले. "महाराज, दिसतात, पण तेथे नाहीत. ते केव्हाच कड ओलांडून गेले. कडेजवळून निघालेला उजेड आपणांकडे रेंगाळत रेंगाळत येतो, म्हणोन थांबलेसे वाटते. हा मात्र तांबडा होत होत मावळेल." जिऊबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी दुर्बिणीस डोळा लाविला आणि बराच वेळ पाहिले. मग महाराजांस म्हणाल्या, "तुम्ही माझे कुंकू पुसलेत तेव्हा ते जिवंत होते. आता ते गेले, तर पुसावयास काय ठेविलेत?" बाई पुन्हा दरबारी आल्या नाहीत.

पुढे महाराजांनी भर दरबारी दोष आपला म्हणोन सांगितले, कारभाऱ्यांवर घातला नाही. धाकट्या डोहाच्या तोंडाशी पाच गलबते कायम उभी केली, ती अद्याप आहेत. वाचलेल्या लोकांनी नवे ठाणे वसविले, त्यास खराडेवाडी म्हणतात.

तात्पर्य, ज्या डोहास सगळे मृत्यू म्हणत होते त्याने मनुष्य परत दिला, आणि तो घ्यावयास राज्यच जागेवर नव्हते. पाहिले ऐकिले ते लिहिले. लेखनसीमा.