फुईची गोधडी आणि हॉलमधली शेकोटी

दहावीतल्या हेमांगीने नव्या घराचा नकाशा काढला, तेव्हा सगळ्यात आधी मधोमध शेकोटी काढली. मग उरलेलं घर तिच्याभोवती दाटीवाटीने बसवलं. धुळ्यातला प्लॉट लहान, पण हौस मोठी.

"धुळामा शेकोटी कसाले जोयजे? मे महिनामा भिंतले हात लाव, चटका बसस," कोकिळा फुई म्हणाली. ही पप्पांची थोरली बहीण, पिंपळनेरची.

"फुई, थंडीत सगळे मोबाईल ठेवून शेकोटीभोवती बसतील. घर एकत्र येईल."

"एकत्र येवाले मन्हं भांडण पुरे शे."

बहीण आणि लेक यांच्या मधोमध पप्पा, म्हणजे हेमराजभाऊ. त्यांनी तोड काढली. वास्तुशांतीच्या जेवणाचं भरीत शेकोटीवर भाजायचं. जमलं तर शेकोटी राहील. फसलं तर ती बुजवून तिथे फुईच्या पसंतीचं टीव्हीचं कपाट.

घर बांधून झालं. वास्तुशांतीच्या दिवशी हेमांगीने पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या काड्या रचल्या, वर हिरवी वांगी मांडली आणि काडी ओढली. धूर ऐटीत वर गेला, धुराड्यात जरा थबकला आणि पाहुण्यांना भेटायला खाली हॉलमध्ये आला.

"पंखा लाव," पप्पा म्हणाले. पंखा लागला. सगळ्या खोल्या शेकोटीकडे उघडतात, ही नकाशातली खास गंमत होती. धुराला ती फार आवडली. तो देवघरात गेला, बेडरूममध्ये गेला, माळ्यावरही जाऊन आला. गुरुजी आशीर्वाद देता देता खोकले आणि अर्धा आशीर्वाद घेऊनच पाहुणे अंगणात पळाले.

"मी सांगेल व्हतं," फुई पदराने डोळे पुसत म्हणाली.

हेमांगीला डोळ्यांसमोर टीव्हीचं कपाट दिसायला लागलं.

तेवढ्यात आगीचा बंब घणघणत आला. खिडक्यांतून धूर बघून शेजारच्या भटूआबांनी फोन केला होता. एक जवान गच्चीवर चढला आणि धुराड्यात आकडी घालून त्याने काहीतरी ओढून काढलं. ठिगळांची गुलाबी गोधडी. पिंपळनेरहून फुईसोबत आलेली.

सगळं अंगण फुईकडे बघायला लागलं.

"कबुतरं घुसतीन म्हनीसन सकाळे खुपशी दिधी," फुई म्हणाली. "नवं घर शे मन्हा भाऊनं."

गोधडी निघाली तसा धूर सरळ आभाळात गेला. काड्या लालबुंद झाल्या, वांगी चरचरली आणि भाजका वास अंगणापर्यंत पोचला. दुसरा जवान पाण्याचा पाइप घेऊन शेकोटीसमोर वाकला. फुईने त्याचा हात धरला.

"थांब रे भाऊ. वांगा आजून कच्चा शेतस."

मग लसूण-मिरची कुटली गेली, कांद्याची पात पडली, पुऱ्या आल्या. पाहुणे, गुरुजी, भटूआबा, बंबवाले, सगळे शेकोटीभोवती बसले. सगळ्यांचे हात भरताचे, मोबाईल धरणार कोण?

"अक्का, टीव्हीच्या कपाटासाठी सुतार बोलवू ना?" पप्पांनी हळूच विचारलं.

फुई हेमांगीच्या ताटात भरीत वाढत होती.

"पोरी, मन्हा पिंपळनेरना घरना नकाशा काढी दे. शेकोटी मधमाच ठेव," ती म्हणाली. "आन धुराडावर जाळी बसाड. गोधडी एकच व्हती."