काटामुक्त सायाळ मंच

एका जंगलात, मुलांनो, वृंदा नावाची सायाळ राहायची. चाळिशी उलटलेली, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी. म्हणजे आपल्यासारखीच, शहाणी.

एक दिवस तिची लेक ठकी उड्या मारत आली. "आई, गुरुवारी शिबिर आहे. अंगावरचे काटे फुकटात काढून देतात. वर्गातल्या सगळ्या जाणारेत!"

"कोण देतं काढून?"

"काटामुक्त सायाळ मंच. सायाळींच्या हक्कांसाठी लढतात ते. वेबसाईट बघ ना!"

आता काटे गेले तर सायाळीकडे उरतं काय? चार आखूड पाय आणि गोड स्वभाव. वृंदा ओरडणारच होती. पण ती शिकलेली होती. शिकलेल्या बायका ओरडत नाहीत, तपासतात. कासवमास्तरांनी वाटलेली 'वेबसाईट कशी पारखावी' ही यादी तिनं काढली.

पत्ता आहे का? होता. 'बिबळ्याचा कातळ, तळमजला.' तिनं बरोबरची खूण केली. तिथं कोण राहतं, हे यादीत विचारलंच नव्हतं.

फोन लागतो का? पहिल्याच घंटेला लागला. आवाज भारदस्त, पण मायाळू. "लेकीला जरूर आणा, ताई. अंगानं भरलेली आहे ना?" किती ती आपुलकी! खूण.

संशोधनाचा आधार? 'काट्यांमुळे मान दुखते, असं अभ्यासात आढळलं.' कोणाच्या अभ्यासात? 'आमच्या.' खूण.

मग तिनं सायाळींच्या जुन्या पंचायतीची वेबसाईट उघडली. शेवटची बातमी चार वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाची. फोन अध्यक्षांच्या सुनेनं उचलला. "मामंजी झोपलेत." शून्य गुण.

"झालं समाधान?" ठकीनं विचारलं.

"मंचाला दहापैकी दहा," वृंदा नाइलाजानं म्हणाली.

अभिप्रायांचं पान तेवढं राहिलं होतं. पहिलाच फोटो तिच्या सख्ख्या द्वारकाआत्याचा. खाली लिहिलेलं, 'सेवा उत्तम. चहासुद्धा छान. माझी काही तक्रार नाही.'

वृंदाचे सगळे काटे उभे राहिले.

द्वारकाआत्या! वृंदाच्या लग्नात मठ्ठ्यावरून रुसलेली. स्वतःच्या साठीला, 'निरांजन कलतं धरलं' म्हणून चार दिवस अबोला धरलेली. तिला चहा छान लागला?

"ठके, आत्याआजी शेवटची कधी दिसली गं?"

"मागच्या शिबिराला गेली, तेव्हा."

"तू कुठंही जायचं नाहीस."

"आई! दहापैकी दहा आहेत! मैत्रिणींना कारण काय सांगू?"

"सांग, आमची आत्या असं बोलत नाही."

ठकीनं जेवण सोडलं. कासवमास्तर समजवायला आले. "वृंदाताई, हा काही निकष नव्हे. ही झाली भावना." वृंदा ओशाळली. तिनं मैत्रिणींच्या घरोघरी जाऊन सांगून पाहिलं. आया हसल्या. "अगं, आम्हीही तपासलंय की!"

गुरुवारी वृंदा दिवसभर दारात बसून राहिली, पाठ ठकीकडे करून. ओलांडायची ठकीची छाती झाली नाही.

शुक्रवारी वेबसाईटवर बारा नवे अभिप्राय आले. शब्दन् शब्द सारखे. ठकीनं ते वाचले. मग ती आईला चिकटून बसली. जरा बेतानंच.

तात्पर्य : नेहमी गोड बोलावं, असं मोठी माणसं सांगतात. मुलांनो, मुळीच ऐकू नका. रोज थोडी कुरकुर करत जा. म्हणजे उद्या तुमच्या नावानं कोणी कौतुक छापलं, तर तुम्ही गेलात हे निदान घरच्यांना तरी कळेल.