मावशीची टीचर होते तेव्हा

तुम्हाला म्हणून सांगते, त्या दिवशी मी परीक्षेत पहिली येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती! सक्करदऱ्यातलं माझं पाळणाघर आता बालवाडी होणार होतं. बालशिक्षिकेचा कोर्स मी जिद्दीने पूर्ण केला होता. 'मुलं नुसती सांभाळायची नसतात, शिकवायची असतात,' हे तर मी झोपेतही म्हणत असे. परीक्षकांसमोर एक पाठ घ्यायचा तेवढा राहिला होता. तो जमला की 'दामिनी मावशी' बंद आणि 'दामिनी टीचर' सुरू! नवी पाटीसुद्धा मी आधीच रंगवून आणली होती.

पाठ सकाळचा ठरला होता. लहान-मोठं ओळखायचं आणि जोड्या लावायच्या. पण परीक्षक अरुंधती मॅडमची उमरेडची एसटी वाटेत बंद पडली आणि मॅडम पोचल्या त्या ऐन दुपारी, मुलांची जेवणं उरकल्यावर. घामाघूम!

माझ्या नवऱ्याला, पंकजला, पाहुणचाराची भारी हौस. त्याने पडदे ओढले, कूलर लावला आणि मॅडमच्या हातात ताकाचा मोठा पेला दिला.

"मुलांनो, आज आपण गंमत करणार!" असं म्हणत मी साहित्य मांडायला सतरंजी पसरली. तिथेच चुकलं! रोज जेवणानंतर मी सतरंजी पसरते ती कशासाठी? पोरं शहाण्यासारखी उठली, आपापली उशी-चादर घेऊन आली आणि आडवी झाली!

"अरे, उठा! टीचर शिकवून राहिली ना!"

"मावशी, थोपट ना वं," केयूर डोळे मिटून म्हणाला.

घाबरून मी बडबडगीत सुरू केलं. पण इतकी वर्षं याच आवाजात अंगाई म्हटलेली! दुसऱ्या कडव्याला सगळा वर्ग गाढ झोपला. मी रडवेली होऊन मॅडमकडे पाहिलं. मॅडम खुर्चीत घोरत होत्या! मी त्यांना हलवायला गेले.

"काहून उठवून राहिली वं? झोपू दे त्याईले," पंकज कुजबुजला. "झोपेत थोडीच नापास करतीन?"

शेवटी वीज गेली, कूलर थांबला आणि पोरं उठली. रोजच्यासारखी कामाला लागली. मोठ्या चादरी एका ढिगात, लहान दुसऱ्या. दारातल्या चपला जोडीजोडीने रांगेत. नूपुरने तर मॅडमच्या पायातून निसटलेल्या चपलाही उचलल्या.

"माझ्या चपला कुठं नेऊन राहिली वं?" मॅडम दचकून जाग्या झाल्या.

"मोठ्याईच्या रांगेत. ह्या सगळ्यात मोठ्या हायेत!"

मॅडम उठल्या. चादरींचे ढीग पाहिले, चपलांच्या जोड्या पाहिल्या. माझा जीव टांगणीला!

"हे यांना कधी शिकवलंत?"

"शिकवलं नाही हो मॅडम," मी खरं ते सांगून टाकलं. "झोपून उठले की रोज करतात."

"म्हणजे रोजच शिकवता की! पास, दामिनी टीचर!"

टीचर! मला तर तिथेच नाचावंसं वाटलं. पंकजने लगेच स्टुलावर चढून नवी पाटी ठोकली. मी ताठ मानेने मॅडमना फाटकापर्यंत सोडायला गेले. मॅडम थोड्या पुढे गेल्या, थांबल्या, परत आल्या आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या,

"मावशी, शनिवारी मले सुट्टी असते. दुपारी आली तर चालन काय? उशी मी घरून आणीन."